खसरा, जमाबंदी आणि इंडेक्स : दप्तरातील नोंद सापडते कशी?

१/
एखादी नोंद सरकारी दप्तरात निश्चितपणे आहे, परंतु शोधणाऱ्याला ती सापडत नाही. अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, ‘पुरावा उपलब्ध नाही.’ इतिहासाच्या अभ्यासात हे वाक्य फार वेळा आणि फार लवकर उच्चारले जाते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. हा विचार सुचला तो अभिलेखागारात बसून नव्हे, तर स्वतःच लिहिलेला एक संगणकीय प्रोग्राम कासवगतीने चालू लागला तेव्हा. त्याचीच ही हकिकत. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी स्थळ. चामोर्शी हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जवळच वैनगंगेच्या काठी मार्कंड्याचा प्राचीन मंदिरसमूह आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोवर हा सारा मुलूख चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. धान, तलाव आणि जंगल या तिहींवर येथील गावे उभी राहिली. जुन्या मालगुजारांच्या काळातील तलावांना लोक आजही ‘मामा तलाव’ म्हणतात. मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’.

३/
माझ्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता : अशा एखाद्या मालगुजारी गावात तीन पिढ्यांच्या काळात जमिनीचे तुकडे कसे होत गेले असतील? त्यासाठी मी एक कल्पित गाव रचले. ४०० शेते, १२० कुटुंबे, ८० वर्षे. दरवर्षी पाऊस पडतो अथवा दडी मारतो, तलाव भरतो अथवा आटतो, कोणी मरते, वारसांत वाटणी होते, कोणी कर्जापायी शेत गमावतो. यालाच सिम्युलेशन म्हणतात. यात योगायोगाचा भाग मोठा असल्यामुळे एकदा चालवून भागत नाही. मी १०० फेऱ्या ठरवल्या.

४/
प्रत्येक शेताची प्रत्येक वर्षाची एक नोंद, म्हणजे डेटाबेसच्या टेबलातील एक ओळ. रकाने पाच : फेरी, वर्ष, खसरा क्रमांक, कुटुंब, पीक. एका फेरीत ४०० गुणिले ८०, म्हणजे ३२,००० ओळी. १०० फेऱ्यांच्या ३२ लाख. संगणकाच्या दृष्टीने हा आकडा काही फार मोठा नव्हे. पहिल्या काही फेऱ्या झरझर पार पडल्या. पुढे मात्र प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मंद होत गेली. मी बिचाऱ्या जुन्या लॅपटॉपला दोष दिला. दोष माझा होता.

५/
सिम्युलेशनमध्ये दरवर्षी प्रत्येक कुटुंबासाठी एक प्रश्न विचारला जात होता : ‘या फेरीत, या वर्षी, या कुटुंबाकडे कोणकोणती शेते आहेत?’ अशा प्रश्नाला क्वेरी म्हणतात. १२० कुटुंबे, ८० वर्षे : एका फेरीत ९,६०० क्वेरी. टेबलातील ओळी मात्र लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने पडून होत्या. उत्तर कुठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे संगणक प्रत्येक क्वेरीला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जाई. शेवटच्या फेरीचा हिशेब करा : ९,६०० गुणिले सुमारे ३२ लाख, म्हणजे ३,०७२ कोटी ओळींचे वाचन. तेही अवघ्या १२० कुटुंबांच्या गावासाठी!

६/
आता हेच दृश्य शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पटवाऱ्याच्या ओसरीवर कल्पून पाहू. (आमच्याकडे कित्येक जण तलाठ्याला आजही पटवारीच म्हणतात.) एक शेतकरी विचारतो, ‘माझ्या आज्याच्या नावावर कोणती शेते होती?’ पटवाऱ्यापुढे खसरा आहे. म्हणजे गावातील शेतांची क्रमांकवार यादी. शेत क्रमांक १, मग २, मग ३. आज्याचे नाव कोणत्या क्रमांकापुढे आहे हे ठाऊक नसेल, तर पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत बोट फिरवत जाणे एवढाच मार्ग उरतो. माझा प्रोग्राम नेमके हेच करत होता.

७/
परंतु प्रत्यक्षातील पटवारी असे करत नसे, कारण त्याच्याकडे आणखी एक कागद असे. तो कागद कोठून आला हे पाहण्यासाठी थोडा इतिहास. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघुजी भोसले निधन पावले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य, त्यासोबत चांदाही, इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा मेजर ल्युसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे. पुढे १८८१ च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्याच्या आधारे गावोगावची कागदपत्रे दरसाल अद्ययावत ठेवण्याची व्यवस्था आकारास आली.

८/
या कागदपत्रांत खसऱ्याच्या जोडीला जमाबंदीचा कागद असे. त्यातील मजकूर बहुतांशी खसऱ्यातलाच, परंतु क्रम वेगळा : शेतवार नव्हे, कुळवार. अमुक कुळाकडे ही ही शेते, इतके क्षेत्र, इतका सारा. उत्तर भारतात हीच जोडी खसरा आणि खतौनी या नावांनी ओळखली जाते. एकच माहिती दोनदा का लिहावी? कारण प्रश्न दोन प्रकारचे होते. बांधावरचा तंटा शेताच्या क्रमांकापासून सुरू होतो. वसुली माणसाच्या नावापासून सुरू होते. वसूल करणाऱ्याला दरवेळी सारा खसरा चाळणे परवडणारे नव्हते.

९/
ही जोडी राज्यव्यवस्था बदलली तरी टिकून राहिली. ३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. आज गाव नमुना सात आणि बारा, म्हणजे आपला सातबारा, शेताच्या भूमापन अथवा गट क्रमांकावरून उघडतो. आणि ‘आठ अ’ खातेदारावरून. नावे बदलली, पण दोन प्रश्नांसाठी दोन क्रम हे तत्त्व तेच राहिले.

१०/
संगणकातील इंडेक्स म्हणजे तत्त्वतः हीच जमाबंदी. मूळ टेबल जसेच्या तसे राहते. त्यातील निवडक रकान्यांची एक वेगळी प्रत विशिष्ट क्रमाने लावून ठेवली जाते आणि तिच्यातील प्रत्येक नोंदीपुढे मूळ ओळीचा ठावठिकाणा असतो. पुस्तकाच्या शेवटी असलेली सूची आठवा : ‘रघुजी भोसले’ हे नाव अकारविल्हे शोधायचे आणि पुढे दिलेल्या पृष्ठांवर थेट जायचे. पुस्तकातील मजकुराला धक्का लागत नाही. बदलते ती केवळ वाट.

११/
ही कल्पना संगणकशास्त्रात पक्की होण्यामागे दोन टप्पे आहेत. १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी ‘रिलेशनल’ पद्धतीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे एक म्हणणे असे की, वापरणाऱ्याने काय हवे ते सांगावे. माहिती कोणत्या क्रमाने ठेवली आहे आणि तिला सूची आहे की नाही, यावर त्याचा प्रोग्राम अवलंबून असता कामा नये. म्हणजे इंडेक्स असो वा नसो, उत्तर एकच यावे. फरक पडावा तो वेळेत.

१२/
दुसरा टप्पा ‘बी-ट्री’चा. बोईंग कंपनीच्या संशोधनशाळेतील रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांचा यावरील निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. रचना आपल्या ओळखीची आहे : जिल्हा, मग तालुका, मग साझा, मग गाव. प्रत्येक पायरीवर एकच फाटा निवडायचा, बाकीचे फाटे पाहायचेदेखील नाहीत. एका पानावर १०० फाटे मावतात असे धरले, तर तीन पायऱ्यांत १० लाख नोंदी आटोक्यात येतात आणि चार पायऱ्यांत १० कोटी. माझ्या ३२ लाख ओळींसाठी चार पायऱ्या पुरेशा. (‘बी’ म्हणजे काय, हे कर्त्यांनी कधीच स्पष्ट सांगितले नाही.)

१३/
मी वापरत होतो ती एसक्यूलाइट ही प्रणाली. तिला ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ अशी आज्ञा दिली, की ती उत्तर कसे शोधणार आहे ते आधी सांगते. माझ्या क्वेरीपुढे शब्द आला ‘स्कॅन’. म्हणजे सगळे टेबल चाळणार. मग मी एकच ओळ लिहिली :

क्रिएट इंडेक्स कुटुंब_सूची ऑन नोंदी (फेरी, वर्ष, कुटुंब);

पुन्हा विचारले, तेव्हा ‘स्कॅन’च्या जागी ‘सर्च’ आला. ज्या फेरीसाठी मी चहा पिऊन, जेवून परत येत असे, ती आता खुर्चीवरून उठण्याआधी संपू लागली. टेबलातील एक अक्षरही बदलले नव्हते.

१४/
येथे कंसातील रकान्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तो समजण्यासाठी महाभूलेखाचे संकेतस्थळ उघडा. सातबारा पाहण्यासाठी आधी जिल्हा निवडावा लागतो, मग तालुका, मग गाव. त्यानंतर गट क्रमांकाने अथवा नावाने शोध घेता येतो. आता कल्पना करा, तुम्हांला फक्त आडनाव ठाऊक आहे, गाव ठाऊक नाही. तालुक्यातील गावे एकेक करून उघडत बसण्यावाचून गत्यंतर नाही. अनेक रकान्यांचा इंडेक्स असाच डावीकडून उघडतो. पहिली किल्ली हाती नसेल, तर दुसरी आणि तिसरी किल्ली असूनही फारसा उपयोग होत नाही.

१५/
मला याचा प्रत्यय लगेच आला. फेऱ्या संपल्यावर मी विचारले, ‘खसरा क्रमांक २१४ हे तलावाखालचे शेत सर्व फेऱ्यांत मिळून किती वेळा हातोहात गेले?’ प्रोग्राम पुन्हा मंदावला. माझा इंडेक्स फेरी, वर्ष आणि कुटुंब यांवर होता. शेत त्यात नव्हतेच. कुळवार जमाबंदी हाती घेऊन एखाद्या शेताचा इतिहास शोधू पाहणाऱ्या माणसासारखी माझी गत झाली होती. या प्रश्नासाठी खसरा क्रमांक आणि वर्ष असा दुसरा इंडेक्स करावा लागला.

१६/
मग मला हाव सुटली. सुचेल त्या प्रश्नासाठी एकेक असे सात इंडेक्स करून टाकले. पुढची फेरी चालवली, तर लेखन मंदावलेले! कारण उघड आहे. प्रत्येक नवी ओळ आता एकदा टेबलात आणि सात वेळा सात सूच्यांत, म्हणजे आठ ठिकाणी लिहावी लागत होती. ३२,००० ओळींच्या फेरीसाठी २,५६,००० लेखने. पटवाऱ्याला हे कोणी समजावून सांगावे लागले नसते. एका वाटणीची नोंद फेरफार नोंदवहीत, मग सातबाऱ्यावर, मग आठ अ वर. वाचणाऱ्याची सोय ही लिहिणाऱ्याच्या श्रमांतून उभी राहते.

१७/
यावरचा तोडगाही जुनाच निघाला. सिम्युलेशन चालू असताना जो प्रश्न सतत लागतो, त्यापुरता एकच इंडेक्स ठेवायचा. उरलेले सहा काढून टाकायचे आणि सर्व फेऱ्या संपल्यावर, ओळी लिहून झाल्यावर, त्यांतील लागतील तेवढे एकरकमी उभारायचे. मध्य प्रांतातील व्यवहार काहीसा असाच होता : दैनंदिन कामाचा कागद दरसाल, आणि गावाची नव्याने मोजणी, प्रतवारी व मांडणी करणारा मोठा बंदोबस्त कित्येक वर्षांनी एकदा.

१८/
एका बाबतीत मात्र संगणक दप्तराच्या पुढे आहे. टेबलातील ओळ बदलली, की तिच्या सर्व सूच्या त्याच व्यवहारात बदलतात. एक बदलून दुसरी तशीच राहिली, असे प्रणाली होऊ देत नाही. कागदी दप्तरात ही हमी नसे. म्हणून सातबाऱ्यावर एक क्षेत्र आणि आठ अ वर दुसरेच, असे घोळ होत. जुने कागद वाचताना लक्षात ठेवावे : जमाबंदी ही माणसाने हाताने राखलेली सूची आहे, आणि हात थकतो.

१९/
आणखी एक सापळा नावांचा. इंडेक्स अक्षरे जुळवतो, अर्थ जुळवत नाही. आपल्या डोळ्यांना ‘मार्कंडा’ आणि ‘मार्कण्डा’ एकच; संगणकाला ही दोन भिन्न नावे. माझ्या कल्पित गावात कुटुंबांना क्रमांक होते, म्हणून निभावले. खऱ्या दप्तरात मोडी, देवनागरी आणि रोमन अशा लिप्यांतून प्रवास करताना एकाच माणसाची तीन माणसे होऊ शकतात. सूचीत नाव दिसले नाही, तर आधी त्याची दुसरी लेखने शोधावीत.

२०/
आता या साऱ्याचे आजच्या जगण्याशी असलेले नाते पाहू. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ‘इतर पारंपरिक वननिवासी’ गटातील दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनातील वास्तव्याचा आधार दाखवावा लागतो. म्हणजे १९३० च्या आधीचा कागद! पुराव्यांत गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, अधिकार अभिलेख असे अनेक प्रकार नियमांना मान्य आहेत. वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही ग्राह्य धरले आहे. सामूहिक हक्कांसाठी निस्ताराच्या नोंदी चालतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, हे अनेकांना ठाऊक असेलच.

२१/
परंतु १९३० पूर्वीचा कागद शोधणाऱ्या माणसाचा प्रश्न कोणता असतो? ‘आमचा आजा या जंगलातून लाकूड, मोह, तेंदू आणत होता का?’ दप्तर लावलेले आहे ते गाव, साल, शेत आणि कूळ या क्रमाने. कारण ते वसुली करणाऱ्याच्या प्रश्नांसाठी लावले गेले. गावाच्या चालीरीती व निस्ताराचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिले जात, पण ते साऱ्या गावाचे म्हणून, माणसाच्या नावाने ते उघडत नाहीत. ज्याच्या नावावर शेतच नव्हते, तो मजूर जमाबंदीच्या सूचीत येणार कोठून? स्त्रीचे नाव पुष्कळदा येते ते ‘बेवा’ या शब्दासह, दिवंगत नवऱ्याच्या आधाराने. तिच्या माहेरच्या घरापासून निघालेला शोध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

२२/
म्हणून दप्तरातील मौनाचे तीन प्रकार वेगळे ओळखायला हवेत.
पहिला : नोंद झालीच नाही. तेथे कोणताही इंडेक्स हतबल आहे.
दुसरा : नोंद आहे, परंतु आपल्या प्रश्नाच्या क्रमाने लावलेली नाही. येथे सारे दप्तर चाळण्याचे कष्ट करावे लागतील. पण उत्तर आत आहे.
तिसरा : नोंद आहे, सूचीही आहे, परंतु नाव वेगळ्या रूपात आहे.
तिन्ही वेळा समोर दिसते ती रिकामी जागाच. त्यांतील फक्त पहिल्या प्रकाराला ‘पुरावा नाही’ म्हणणे योग्य.

२३/
हा नियम मी स्वतःलाही लावून पाहिला. माझ्या टेबलात पाच रकाने होते. त्यांत निस्तार नव्हता आणि शेत नसलेले कुटुंबही नव्हते. कल्पित गावातील ज्या कुटुंबाचे शेवटचे शेत गेले, ते पुढच्या वर्षापासून एकाही ओळीत दिसत नसे. ते गाव सोडून गेले, की मजुरी करत तेथेच राहिले? माझे टेबल सांगू शकत नव्हते. ज्या जुन्या दप्तराला मी अपुरे म्हणत होतो, त्याचीच चूक मी नव्याने केली होती. आता कुटुंबांसाठी वेगळे टेबल केले आहे. शेत असो वा नसो, प्रत्येक वर्षी प्रत्येक घराची एक ओळ. सर्व १०० फेऱ्या पुन्हा चालवाव्या लागल्या.

२४/
अभिलेखागारात पाऊल ठेवणाऱ्या नव्या मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. कागद मागण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : हे दप्तर कोणत्या क्रमाने लावले आहे? तो क्रम कोणाच्या प्रश्नासाठी ठरला? माझा प्रश्न त्यात बसत नसेल, तर कोणत्या रकान्यापासून चाळायला सुरुवात करू? आणि चाळताना स्वतःची छोटी सूची करत चला : गाव, साल, नाव, पान. तुमच्यानंतर तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याचे कित्येक दिवस त्यामुळे वाचतील. कदाचित एखाद्याच्या दाव्याचा कागदही त्यातूनच मिळून जाईल.

२५/
धागा येथे संपवतो. तुमच्या घरी जुना सातबारा, आठ अ किंवा मालगुजारीच्या काळातील एखादा कागद असेल, तर त्यावर कोणते रकाने आहेत आणि ते कोणत्या क्रमाने आहेत, ते जरूर कळवा. व्यक्तींची नावे आणि गट क्रमांक मात्र झाकून. पुढील धाग्यात मामा तलावांचे पाणीवाटप.